गळ पाण्यात नव्हे, घरात गंजतो

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंद असते आणि याच दिवसांत साधनांच्या निगेविषयीची पत्रे या सदराकडे सर्वाधिक येतात. या वेळची बहुतेक पत्रे गळांच्या लांब दोरीविषयी आहेत, म्हणजे ज्या मासेमारीत एका मूळ दोरीला ठरावीक अंतरावर आखूड फाटे बांधून प्रत्येक फाट्याच्या टोकाशी आमिष लावलेला गळ सोडतात आणि वाम, शिंगाळा, घोळ, तांबोशी यांसारखे मासे धरतात, त्या मासेमारीविषयी. जाळी विणण्या-सांधण्याचे ज्ञान आपल्या बंदरांत घरोघरी आहे. गळांच्या बाबतीत मात्र ‘गेला तर गेला, नवा आणू’ ही वृत्ती बळावलेली दिसते. एका गळाची किंमत थोडी असते हे खरे, पण कमजोर गळावरून सुटून गेलेल्या एका मोठ्या घोळ माशाची किंमत थोडी नसते, म्हणून उत्तरे जरा विस्ताराने देत आहे.

प्रश्न : गेल्या वर्षी बंदी लागताच आम्ही सुमारे सहाशे गळ डिझेलमध्ये बुडवून, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरून ठेवले. नारळी पौर्णिमेच्या आधी डबा उघडला तेव्हा निम्मे गळ गंजून एकमेकांना चिकटलेले होते. डिझेल लावूनही असे का व्हावे? – एक तांडेल (नौकेचा प्रमुख), हर्णै

उत्तर : आपले गळ समुद्राने खराब केलेले नाहीत, ते घरात आलेल्या मिठाने खराब केले आहेत. गळ समुद्रातून वर आला आणि वाऱ्यावर वाळला, की त्याच्या अंगावरचे पाणी जाते, पण मीठ राहते. शुद्ध मीठसुद्धा हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतले पाणी ओढून पाझरू लागते, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्यामुळे ते त्याहूनही कमी आर्द्रतेला ओलसर होते. कोकणातल्या जून-जुलैच्या हवेत ही मर्यादा रोजच ओलांडली जाते. म्हणजे आपण कोरडे समजून डब्यात ठेवलेले गळ प्रत्यक्षात दोन महिने खाऱ्या पाण्याच्या पातळ थरात भिजत होते. डिझेलने त्या थराला हटवले नाही, उलट त्याच्यावर पातळ पांघरूण घातले. शिवाय डिझेलमधला हलका भाग हळूहळू उडून जातो आणि मागे फारसे संरक्षण उरत नाही.

त्यामुळे तेलाचा विचार शेवटी करावा आणि आधी गोड्या पाण्याचा करावा. शेवटच्या फेरीहून परतल्यावर, शक्य तर त्याच दिवशी, गळ फाट्यांसकट गोड्या पाण्याच्या टपात तासभर बुडवून ठेवावेत, ते पाणी फेकून द्यावे आणि नव्या पाण्यात पुन्हा बुडवावेत. एकाच पाण्यात सारे गळ खळबळवले तर शेवटच्या गळांना आपण मिठाच्याच पाण्याची आंघोळ घालत असतो. दुसऱ्या पाण्यानंतर ते जिभेवर किंचित खारट लागत असेल, तर तिसरे पाणी घ्यावे. नेढ्यात, म्हणजे दोरी ओवण्याच्या भोकात, आणि उलट्या काट्याच्या बेचक्यात मीठ सर्वाधिक टिकते, म्हणून तेथे मऊ ब्रश फिरवावा. फाट्यांपासून सुटे केलेले गळ शेवटी गरम पाण्यातून काढले तर धातू तापल्यामुळे ते लवकर सुकतात. तंगूस, म्हणजे फाट्याचा नायलॉनचा एकसंध धागा, बांधलेला असताना मात्र गरम पाणी वापरू नये आणि चुलीवरच्या माळ्यावरही ते टांगू नयेत, कारण नायलॉनला उष्णता सोसत नाही.

पूर्ण सुकलेल्या गळाला शिवणयंत्राचे पातळ तेल कापडाने पुसून लावावे. गाडीच्या इंजिनातून काढलेले काळे तेल वापरण्याची पद्धत अनेक बंदरांत आहे. ती सोडावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्या तेलात ज्वलनातून आलेली आम्ले आणि धातूचे कण असतात, आणि त्याचा वास आमिषाला लागतो. खोबरेल तेल लावणाऱ्यांनी ते काही आठवड्यांत खवट आणि चिकट होते हे लक्षात ठेवावे. कोणतेही तेल लावलेले असो, हंगामाच्या पहिल्या फेरीआधी गळ साबणाच्या पाण्याने धुवावेत.

डबा घट्ट असण्यात चूक नव्हती. आतली हवा ओली होती ही चूक झाली. डब्यात कळीच्या चुन्याचे खडे जाड कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवले तर ते ओल शोषून घेतात. खडे फुटून त्यांची पूड झाली की त्यांचे काम संपले असे समजावे आणि नवे घालावेत. चुना गळांना टेकू देऊ नये, कारण ओला चुना जस्ताचा मुलामा खातो. कळीच्या चुन्यावर पाणी पडले तर तो भयंकर तापतो आणि त्वचा व डोळे जाळतो, म्हणून ही पुरचुंडी लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी. लाकडी पेटी पूर्वी सर्रास वापरत. पण काही लाकडांतून आम्लधर्मी वाफ सुटते आणि बंद पेटीत तीच धातूला लागते, म्हणून पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा डबा अधिक बरा. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: गंजलेला एकही गळ चांगल्या गळांत मिसळू नये.

प्रश्न : आमच्या गळांवर तांबडा गंज नाही, पण पांढरी भुकटी आली आहे. हे मीठ आहे का? – एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : धुऊनही ती जात नसेल तर ते मीठ नाही. आपले गळ जस्ताचा मुलामा दिलेले असावेत. जस्त स्वतः झिजून आतल्या पोलादाला वाचवते. ओलसर आणि वारा न लागणाऱ्या जागी गळांचा ढीग पडून राहिला की जस्ताचेच पांढरे क्षार तयार होतात. भुकटी खरवडून काढू नये, कारण तिच्यासोबत उरलेला मुलामाही निघतो. गळ धुऊन, सुकवून, पसरून ठेवावेत. पांढऱ्या थरातून तांबडे ठिपके डोकावू लागले असतील, तर त्या जागी मुलामा संपलेला आहे आणि असे गळ आधी वापरून संपवावेत.

प्रश्न : मोठी वाम लागली की आमचा गळ अनेकदा उघडतो. आम्ही तो पकडीने पुन्हा वाकवून वापरतो. काही जण चुलीत लाल करून वाकवतात. गंज काढण्यासाठी न्हाणीघर साफ करण्याचे ॲसिड वापरावे असेही कोणी सांगितले. यांतले योग्य काय? – दोन भाऊ, देवगड

उत्तर : तिन्ही अयोग्य आहेत, आणि मी हे नरमाईने सांगू इच्छित नाही, कारण या तीन सवयींमुळे हातचा मासा जातो आणि ताणाखाली तुटलेला गळ दोरीसकट उसळून माणसाच्या तोंडावर येऊ शकतो.

गळाचे पोलाद बनवताना ते तापवून, थंड करून आणि पुन्हा बेताने तापवून विशिष्ट कणखरपणाला आणलेले असते, ज्यामुळे ते थोडे लवते आणि मूळ जागी परत येते. गळ उघडला याचा अर्थ त्याने लवण्याची मर्यादा ओलांडली. पकडीने तो आकारात आणता येतो, पण वाकाच्या जागेचे पोलाद दोनदा मोडल्यासारखे होते आणि तेथे डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. पुढच्या वेळी तो उघडणार नाही, थेट तुटेल. चुलीत लाल केलेल्या गळाचे पाणीच, म्हणजे तो आणलेला कणखरपणाच, उतरते. तो खिळ्याच्या तारेसारखा मऊ पडतो आणि हाताच्या जोरानेही सरळ होतो. पुन्हा पाणी देण्यासाठी जे नेमके तापमान लागते ते चुलीत साधत नाही.

ॲसिडची गोष्ट सर्वांत फसवी आहे. ॲसिडमध्ये गळ चकचकीत होऊन निघतो, म्हणून तो चांगला झाला असे वाटते. प्रत्यक्षात आम्ल आणि पोलाद यांच्या क्रियेत हायड्रोजन तयार होतो, त्याचा काही भाग पोलादाच्या आत शिरतो आणि कणखर पोलाद ठिसूळ बनते. असा गळ पूर्वसूचना न देता काचेसारखा तुटतो. आणि ॲसिडने जस्ताचा मुलामा तर काही क्षणांत नाहीसा होतो.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून, तेल लावून गळ वापरता येतो. परंतु गंज पुसल्यावर खाली खड्डे दिसले, विशेषतः वाकाच्या आतल्या बाजूला किंवा काट्याच्या मुळाशी, तर तो गळ बाजूला काढावा. ताण तेथेच एकवटतो. आपले गळ वारंवार उघडत असतील तर खरा प्रश्न वेगळा आहे: तार बारीक आहे, किंवा फाटा गळाच्या मानाने फार मजबूत आहे. जाड तारेचा गळ घ्यावा.

प्रश्न : गळाला धार कशी लावावी आणि केव्हा? – एक विद्यार्थी, शिरगाव, रत्नागिरी

उत्तर : आधी धार आहे की नाही हे पाहावे. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर अगदी हलके टेकवून सरकवावे. ते नखात रुतून थांबले तर धार आहे, घसरले तर नाही. बारीक दातांची लहान सपाट कानस घ्यावी, गळ पकडीत घट्ट धरावा आणि एकाच दिशेने थोडे हात मारून टोकाला तीन पैलू आणावेत. कानस पुढे-मागे घासली की टोकाला बारीक लव उभी राहते आणि ते लगेच मुडपते. टोक लांब आणि सुईसारखे करण्याचा मोह टाळावा. पातळ टोक माशाच्या जबड्याच्या हाडावर वळते.

कानशीने मुलामाही जातो, त्यामुळे धार लावलेले टोक हेच गळाचे सर्वांत उघडे पडलेले अंग होते. म्हणून धार साठवणीच्या आधी लावू नये; फेरीवर निघण्याच्या आदल्या दिवशी लावावी. कारखान्यातून रासायनिक प्रक्रियेने अणकुचीदार केलेल्या गळांना कानशीने तशी धार पुन्हा येत नाही. टोक आत वळलेल्या गोल गळाला तर शक्यतो कानस लावूच नये, आणि आमिष सोपे लागावे म्हणून त्याचे टोक बाहेर ओढू नये. तो गळ माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो तो त्या वळणामुळेच.

प्रश्न : मी आणि माझी जाऊ टोपलीत गळ मांडण्याचे आणि आमिष लावण्याचे काम करतो. टोपलीच्या काठाला गुंडाळलेल्या दोरीत गळ ओळीने टोचून ठेवतो. या गळांची टोके बाकीच्या भागाआधी गंजतात. शिवाय बोटांना सतत टोचते. काही उपाय सुचवावा. – एक भगिनी, रत्नागिरी तालुका

उत्तर : ताई, आपल्या पत्रातली पहिली ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. दोरी समुद्रात सुटताना गुंतत नाही याचे श्रेय सहसा तांडेलाला मिळते, पण ती सुरळीत सुटते ती आपण आणि आपल्या जाऊबाईंनी ज्या क्रमाने वेटोळी आणि गळ मांडलेले असतात त्यामुळे.

टोके आधी गंजण्याचे कारण आपण स्वतःच लिहिले आहे: काठाची दोरी. ती फेरीमागून फेरी खारे पाणी आणि माशाचे रक्त पीत राहते आणि गळाचे टोक रात्रंदिवस तिच्यात रुतलेले असते. गळ धुतले पण काठ धुतला नाही, तर धुण्याचा उपयोग टोकापर्यंत पोहोचत नाही. काठाची दोरी काढून तिच्या जागी रबराच्या जुन्या नळीचा किंवा बंद छिद्रांच्या फोमचा पट्टा बसवावा, जो पाणी शोषत नाही आणि पुसता येतो. दोरीच ठेवायची असेल तर ती दर महिन्याला बदलावी. बंदीच्या काळात गळ काठात टोचून टोपली माळ्यावर ठेवण्याची पद्धत तर पूर्णच थांबवावी. आमिषाच्या वासाने उंदीर येतात आणि टोपलीतली दोर मध्येच कुरतडलेली निघते. हे नुकसान बाहेरून दिसत नाही आणि पहिल्या फेरीत, भर पाण्यात कळते.

बोटांसाठी: कापडी मोजे गळात अडकतात, म्हणून आमिष धरणाऱ्या हाताच्या अंगठ्याला आणि पहिल्या दोन बोटांना रबराची किंवा चामड्याची टोपणे घालावीत आणि गळ धरणारा हात मोकळा ठेवावा. बांगडा किंवा तारली अर्धवट गोठलेली असताना कापली तर ती मऊ पडत नाही, गळावर नीट बसते आणि हात घसरत नाही. गळ काट्यापर्यंत रुतला तर उलटा ओढू नये. फाटा कापून, गळ तसाच ठेवून दवाखान्यात जावे. धनुर्वात गंजामुळे होत नाही, तो खोल जखमेत शिरणाऱ्या जंतूंमुळे होतो, त्यामुळे नवा चकचकीत गळ रुतला तरी इंजेक्शनाविषयी डॉक्टरांना विचारावेच.

प्रश्न : आमचा तंगूस मध्ये कधी तुटत नाही, नेहमी गळापाशी तुटतो. तंगूस बदलून पाहिला, कंपनी बदलून पाहिली. – एक वाचक, मालवण

उत्तर : दोष तंगुसात नाही, सांध्यात आहे. दोरीची गाठ ही नेहमीच अखंड दोरीपेक्षा दुबळी असते, आणि गळापाशी गाठीसोबत आणखी तीन शत्रू असतात: माशाचे दात, नेढ्याची कड आणि मीठ. प्रत्येक फेरीनंतर गळालगतचा वीतभर तंगूस दोन बोटांच्या चिमटीतून किंवा सुती कापडातून ओढून पाहावा. कापड कुठे अडकले, किंवा पारदर्शक तंगूस दुधाळ दिसू लागला, तर तेवढा तुकडा कापून गाठ पुन्हा मारावी. फाटा सुरुवातीलाच एक-दीड वीत जास्त लांब ठेवला तर हंगामात काही वेळा तरी असे कापता येते.

नव्या गळाचे नेढेही तपासावे. स्वस्त गळांत नेढ्याची कड नीट मिटलेली नसते आणि ती सुरीसारखी काम करते. गाठ आवळण्याआधी तंगूस पाण्याने ओला करावा; कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि तंगूस तेथेच कमजोर पडतो. ओला नायलॉन कोरड्यापेक्षा थोडा कमी ताण सोसतो, हेही जाडी निवडताना लक्षात घ्यावे.

जेथे गाठीऐवजी धातूची छोटी नळी, दुकानात जिला स्लीव्ह म्हणतात, दाबून बसवतात, तेथे नळी तंगुसाच्या जाडीला बेताचीच हवी आणि ती तिच्यासाठी असलेल्या पकडीनेच दाबावी. नळीची दोन्ही टोके न दाबता किंचित उघडी ठेवावीत, म्हणजे कड तंगुसात रुतत नाही. स्टेनलेस तारेवर ॲल्युमिनियमची नळी बसवू नये. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की त्यांतला एक दुसऱ्यासाठी झिजतो, आणि येथे ॲल्युमिनियम झिजते. स्टेनलेसच्या फिरकीला, म्हणजे फाट्याला पीळ पडू नये म्हणून बसवलेल्या फिरत्या कडीला, जस्ताचा गळ थेट अडकवल्यावर नेढ्यापासून मुलामा उडू लागतो, त्याचेही कारण हेच. फिरकी हाताने सैल फिरते म्हणून ती चांगली, असे समजू नये. एका टोकाला वजन लावून ती ताणाखाली फिरते का ते पाहावे. अडलेल्या फिरकीमुळे फाट्याला पीळ पडतो आणि पिळलेला फाटा मूळ दोरीला गुंडाळला जातो.

मूळ दोरीविषयी आपण विचारलेले नाही, पण तिचे पीळ दर काही वावांवर हाताने उकलून आत पाहावे. आत पांढरी पूड किंवा तुटके तंतू दिसले तर ते मिठाचे कण आतल्या आत तंतू कापत असल्याचे लक्षण आहे. पॉलिप्रॉपिलीनच्या दोरीला ऊन फार लागते. वरचे तंतू बोटाखाली भुरभुरू लागले की ती बोयासाठीही वापरू नये. दोरी गोड्या पाण्यात भिजवून, सावलीत वाऱ्यावर सुकवून, मोठ्या वेटोळ्यांत टांगावी.

प्रश्न : गळाच्या पेटीवर ७ असा आकडा होता, आम्हाला हवा होता त्याच्या चौथाईएवढाच गळ निघाला. – एक वाचक, सातपाटी

उत्तर : नुसता आकडा वाढला की गळ लहान होतो, आकड्यापुढे तिरपी रेघ आणि शून्य असेल तर आकडा वाढला की गळ मोठा होतो. आपल्याला ७/० हवा होता. कंपन्यांची मापे एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून दुकानात जाताना जुना गळ सोबत न्यावा.

प्रश्न : गळाला कासव लागले तर काय करावे? स्टेनलेसचे गळ गंजत नाहीत, मग सगळे तेच का वापरत नाहीत? – महाविद्यालयीन विद्यार्थिनी, गुहागर

उत्तर : दोन्ही प्रश्न एकाच पत्रात आले हे फार चांगले झाले, कारण दुसऱ्याचे उत्तर पहिल्यात आहे. आपल्या गुहागरच्या, वेळासच्या आणि आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि समुद्री कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. कासव लागले तर त्याला फाट्याने ओढून वर घेऊ नये. त्याच्या वजनाने गळ आणखी खोल जातो. लहान असेल तर हातजाळ्याने उचलावे, मोठे असेल तर नौकेच्या बाजूला शांत धरावे. गळ ओठावर किंवा पायावर दिसत असेल तर काटा पकडीने कापून गळ काढावा. गिळलेला असेल तर ओढाताण न करता तंगूस गळाच्या शक्य तितका जवळ कापावा. लोंबता तंगूस पोटात गेला तर आतडी आवळली जातात.

अशा वेळी प्राण्याच्या अंगात राहिलेला साध्या पोलादाचा गळ काळाने गंजून झिजतो. स्टेनलेसचा गळ दीर्घकाळ तसाच राहतो, आणि हरवलेल्या दोरीवरचा स्टेनलेसचा गळ तळाशी मासे मारत राहू शकतो. शिवाय स्टेनलेस अजिबात गंजत नाही हेही खरे नाही. धुतला नाही तर नेढ्यातल्या गाठीखाली, जेथे हवा पोहोचत नाही, तेथे खाऱ्या पाण्यात त्यालाही खड्डे पडतात. टोक आत वळलेला, जस्ताचा मुलामा दिलेला गोल गळ वापरावा, असे मी सुचवीन. तो कासवाच्या घशात खोल जाण्याचा संभव कमी असतो. नौकेवर लांब दांड्याची एक कात्री आणि गळ सोडवण्याची एक पकड सुकाणूजवळ, लगेच हाती येईल अशी टांगलेली असावी, आणि गळांसोबत तीही गोड्या पाण्यात धुवावी.